१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येच्या अभ्यासाच्या प्रकल्प नोंदी

१८ जून, अंजर्ले

यंदाच्या गणित प्रकल्पासाठी दहावीच्या तीन मुलांनी एकच संख्या घ्यायची आणि तिच्याविषयी जे जे सिद्ध करता येईल ते वहीत उतरवत जायचे, असे आज ठरले. संख्या मीच सुचवली: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ वेळा लिहिलेल्या एकाचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग आहे. मुलांना ती पाहताक्षणी आवडली, कारण ती एकापासून नऊपर्यंत चढते, तशीच पायरी पायरीने उतरते आणि उजवीकडून वाचली तरी तीच राहते. मला मात्र तिच्या या रूपापेक्षा तिच्या पोटात काय आहे ते मुलांनी शोधावे असे वाटते, म्हणून पहिला नियम असा केला की केवळ सुंदर दिसते म्हणून कोणतीही गोष्ट वहीत लिहायची नाही. ती तशी का आहे हे सांगता आले तरच लिहायची.

एकांच्या संख्यांच्या या वर्गांना द. रा. कापरेकर यांनी डेमलो संख्या म्हटले. जी. आय. पी. रेल्वेवरचे डेमलो स्थानक म्हणजे आजची डोंबिवली. तिथे गाडीची वाट पाहताना त्यांच्या मनात या संख्यांचा विचार आला आणि १९३८ साली त्यांनी त्यांवर लेख प्रसिद्ध केला. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला आणि त्यांनी देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून नोकरी केली. कॉलेजात असताना, १९२७ साली, त्यांना जे गणिताचे पारितोषिक मिळाले ते रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे होते. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे, झालेले पहिले भारतीय, आणि ते आमच्या शेजारच्या मुर्डीचे. तिघांपैकी एक मुलगा रोज मुर्डीहून चालत शाळेत येतो. त्याला हे ठाऊक नव्हते. ऐकल्यावर त्याने वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही नावे लिहून घेतली.

संख्या वाचायची कशी, यावर उरलेला तास गेला. कोटीच्या हिशेबाने ती 'एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस' अशी वाचावी लागते आणि त्यात दोनदा कोटी येऊन गोंधळ होतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील स्थानांची नावे घेतली तर प्रत्येक घराला स्वतःचे नाव मिळते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. त्या यादीत अठरा स्थाने आहेत आणि आपली संख्या सतरा घरांची, म्हणजे परार्धाच्या अलीकडे एकच घर. जलधी म्हणजे समुद्र हे कळल्यावर 'समुद्र तीनच?' असे तांडेलांच्या मुलीने विचारले. त्या जागी तीन हा अंक आहे, एवढेच माझे उत्तर होते.

२१ जून

वर्ग हाताने केला. १११११११११ ला १११११११११ ने गुणताना नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ तीच, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज घेताना कडेच्या घरात एकच एक असतो, त्याच्या आतल्या घरात दोन, आणि असे वाढत वाढत मधल्या घरात नऊ एक येतात. चढउताराचे सारे कारण इथे आहे, आणि ते इतके साधे आहे की मुलांना थोडे निराश झाल्यासारखे वाटले. पण त्यातच दुसरी गोष्ट दडलेली आहे: कोणत्याही घराची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून कुठेही हातचा येत नाही. हातचा नाही म्हणून अंकांची बेरीजही सरळ मिळते. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, एकूण ८१.

दहा एक घेतले की हे मोडते. मधल्या घरात दहा येतात, शून्य लिहून हातचा एक डावीकडच्या नऊत जातो, त्याचेही दहा होतात, तिथेही शून्य आणि हातचा एक आठात जाऊन त्याचा नऊ होतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ नाहीसा होतो, आणि अंकांची बेरीज १०० ऐवजी ८२ भरते, कारण प्रत्येक हातच्यामागे दहाचे एक होतात, म्हणजे नऊ कमी होतात, आणि हातचे दोन आहेत. या 'हरवलेल्या आठा'ची खूण वहीत करून ठेवली आहे, कारण तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

अशा संख्यांचे आकर्षण आपल्याकडे जुने आहे. राष्ट्रकूटांच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी असे केले आहे. ती सहा एकांचा वर्ग. आमची संख्या तिची मोठी बहीण.

२५ जून

दोन दिवस वीज नव्हती. आज आली, तेव्हा मुलांनी संगणकावर तोच गुणाकार करून पाहिला आणि उत्तर १२३४५६७८९८७६५४३२० असे आले. शेवटचा एक गेला, शून्य आले. आपलाच हातचा गुणाकार चुकला असावा असे त्यांना प्रथम वाटले, यंत्रावर त्यांचा इतका विश्वास.

कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकात संख्या ठेवण्याची जी नेहमीची पद्धत आहे तिच्यात संख्येच्या अंकांसाठी दोनच्या पायातील त्रेपन्न घरे असतात. त्यामुळे २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, प्रत्येक पूर्णांक नेमका राहतो. त्याच्यापुढे, त्याच्या दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या राहू शकतात. आमची संख्या त्या मर्यादेच्या पुढची आहे आणि विषम आहे, म्हणून तिला त्या पद्धतीत जागाच नाही. तिच्या शेजारच्या सम संख्येवर ती बसवली जाते. पूर्णांकांचा नेमका हिशेब करणारी वेगळी पद्धत वापरली की उत्तर बरोबर येते, हेही मुलांना दाखवले. तरीही यापुढचे सगळे आकडे आधी हाताने आणि मग यंत्राने, असा क्रम ठरला.

३० जून

अवयव पाडले. १११११११११ च्या अंकांची बेरीज नऊ, म्हणून नऊने भाग जातो आणि भागाकार येतो १२३४५६७९. पुन्हा आठ गायब! भागाकाराची प्रत्येक पायरी फळ्यावर मांडली: ११ ला ९ ने भागून १, बाकी २, पुढचा एक खाली घेऊन २१, भागाकार २, बाकी ३, मग ३१, ४१, ५१, ६१, ७१ असे करत बाकी प्रत्येक वेळी एकाने वाढते. ७१ ला भागून ७ येतात आणि बाकी ८ उरते. पुढचे ८१ मात्र नऊने पुरते भागले जातात, म्हणून तिथे आठ न येता नऊ येतो आणि बाकी काहीच उरत नाही. बाकी वाढत वाढत नऊला पोहोचली की ती भाजकात विरते. हातच्याचीच ही दुसरी बाजू आहे.

१२३४५६७९ ला ३७ ने भाग जातो हे बागायतदाराच्या मुलाने स्वतः शोधले. ३७ चा तिपटीचा पाढा म्हणजे १११, आणि १११११११११ म्हणजे १११ ला १००१००१ ने गुणलेले, असे त्याने मांडले. मी त्याला शाबासकी दिली, कारण हे पाठांतर नव्हते, संख्येकडे पाहणे होते. १००१००१ च्या अंकांची बेरीज तीन, म्हणून ते ३ × ३३३६६७. सगळे एकत्र केल्यावर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आता प्रश्न उरतो तो ३३३६६७ चा: ती मूळ संख्या आहे की अजून फुटते?

४ जुलै

आजची नोंद लांब आहे, कारण आजचे काम मला या प्रकल्पातले पहिले खरे गणित वाटते.

३३३६६७ चे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्यामध्ये आहे, कारण ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४. म्हणजे ही संख्या फुटत असेल तर तिचा एक मूळ अवयव ५७७ किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे. ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. मुलांनी त्या वाटून घेऊन सगळ्यांनी भाग घालून पाहायचे ठरवले होते. मी त्यांना थांबवले आणि १/७, १/१३, १/३७, १/४१ यांचे दशांश काढायला सांगितले. आवर्तांची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या अंकगटांची, लांबी आली सहा, सहा, तीन, पाच. मूळ संख्येतून एक वजा केला तर ६, १२, ३६, ४०; प्रत्येक वेळी लांबीने त्याला भाग जातो. फर्मा यांनी १६४० साली सांगितलेला आणि ऑयलर यांनी १७३६ साली सिद्ध केलेला सिद्धांत हाच आहे, फक्त आमच्या वहीतल्या भाषेत.

आता समजा प ही एखादी मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ लाही भागते, आणि १००१००१ × ९९९ = ९९९९९९९९९ असल्यामुळे नऊ नऊंच्या संख्येलाही भागते. याचा अर्थ १/प च्या आवर्ताची लांबी नऊ तरी आहे किंवा नवाचा विभाजक, म्हणजे एक किंवा तीन आहे. एक किंवा तीन असेल तर प ने ९९९ ला भाग गेला पाहिजे, म्हणजे प तीन किंवा सदतीस असली पाहिजे. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तीनने भाग जात नाही; आणि ३७ ने भागल्यावर बाकी एक उरते. तेव्हा आवर्ताची लांबी नेमकी नऊच. मग नवाने प−१ ला भाग गेला पाहिजे, आणि प विषम असल्यामुळे अठरानेही गेला पाहिजे.

अठराने भागून एक बाकी उरणाऱ्या मूळ संख्या ५७७ पर्यंत सतराच आहेत, आणि त्यातली ३७ आधीच बाद झाली. राहिल्या सोळा: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. शंभरावर भागाकारांचे सोळा झाले. ते मुलांनी अर्ध्या तासात केले. १९ ने बाकी ८ उरली, १६३ ने ६, आणि ५२३ चा तर ६३८ पटीत ३३३६७४ येऊन फक्त सातांनी हुकला. त्या वेळी तिघांचाही श्वास अडकला होता. शेवटच्या ५७७ ने बाकी १६१. एकाही संख्येने भाग गेला नाही. ३३३६६७ मूळ आहे.

यातून आणखी एक गोष्ट फुकट मिळाली. ज्या मूळ संख्येच्या व्यस्ताचा, म्हणजे एक भागिले त्या संख्येचा, आवर्त नऊ अंकांचा असेल तिने ९९९९९९९९९ ला भागले पाहिजे, आणि त्याचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच. तीनचा आवर्त एक अंकाचा, सदतीसचा तीन अंकांचा. म्हणजे नऊ अंकांचा आवर्त असलेली ३३३६६७ ही जगातली एकमेव मूळ संख्या आहे. तिचा व्यस्त ०.०००००२९९७ ०००००२९९७ असा चालतो, कारण ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. हा २९९७ ही लक्षात ठेवला पाहिजे.

५ जुलै

अवयव नक्की झाल्यावर विभाजक मोजणे सोपे होते. आमची संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. विभाजक पाच × तीन × तीन, म्हणजे ४५. ३३३६६७ चा वर्ग १११३३३६६६८८९ येतो. तो का इतका नीटस दिसतो, याचे कारण १००१००१ च्या वर्गात, १००२००३००२००१ मध्ये, आहे. त्याला नवाने भागले की झाले.

१२ जुलै

आठवडाभर पाऊस थांबला नाही आणि शाळा दोन दिवस बंद होती. हर्णै बंदरातल्या होड्या मासेमारीच्या बंदीमुळे जूनपासूनच वर काढून शाकारून ठेवलेल्या आहेत, त्यामुळे तांडेलांच्या घरी सगळे घरीच; मुलीने घरी बसून १२३४५६७९ चा वर्ग केला आणि आज आणून दाखवला. तिला हा वर्ग यासाठी हवा होता: आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि संख्येला ८१ ने भाग गेला तर कापरेकरांच्या भाषेत ती हर्षद संख्या ठरते. १११११११११ = ९ × १२३४५६७९ असल्यामुळे भाग जाणारच, आणि भागाकार १२३४५६७९ चा वर्ग असणार.

तिचे उत्तर होते १५२४८२४५६६३७६४१. "बाई, नवाचा ताळा जुळतोय," असे ती म्हणाली, आणि तो खरोखर जुळत होता: १२३४५६७९ च्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १, एकाचा वर्ग एक, उत्तराच्या अंकांची बेरीज ६४, म्हणजेही १. पण अकराचा ताळा घेतला तेव्हा जमेना. १२३४५६७९ चे अंक उजवीकडून एकाआड एक अधिक-वजा केले की ५ येतात, पाचाचा वर्ग पंचवीस, अकराने भागून बाकी ३. तिच्या उत्तराची बाकी मात्र ९. ओळी तपासल्या तेव्हा सापडले की सहाने गुणलेली ओळ, ७४०७४०७४, एक घर जास्त डावीकडे सरकली होती.

मी स्वतः इतकी वर्षे नवाचा ताळा शिकवते, पण तो या चुकीपुढे आंधळा का, हे वर्गात कधी नीट सांगितले नव्हते. ओळ एक घर सरकणे म्हणजे तिला दहाने गुणणे, आणि दहाला नवाने भागून बाकी एकच उरते, म्हणून नवाच्या ताळ्याला त्या सरकण्याचा पत्ता लागत नाही. अकराच्या ताळ्यात मात्र दहा म्हणजे वजा एक. घर बदलले की चिन्ह बदलते आणि चूक उघडी पडते. हाताने लांब गुणाकार करणाऱ्याची सर्वांत नेहमीची चूक घर सरकण्याचीच असते, म्हणून यापुढे माझ्या वर्गात दोन्ही ताळे घेतले जातील.

बरोबर उत्तर १५२४१५७८९९७१०४१. चुकलेल्या आणि बरोबर उत्तरांतला फरक काढला तर तो निघाला ६६६६६६६६६००, नऊ सहा आणि दोन शून्ये. चुकीतसुद्धा या संख्येचा स्वभाव लपत नाही.

एक ते नऊ एकांच्या वर्गांत हर्षद कोणत्या, हेही पाहिले. 'न' एकांच्या वर्गात अंकांची बेरीज न चा वर्ग असते, म्हणून न ने त्या एकांच्या संख्येला भाग गेला पाहिजे. तपासल्यावर तीनच उरल्या: १, १११ चा वर्ग १२३२१, आणि आमची संख्या.

१९ जुलै

आता व्यस्ताकडे वळलो. इतक्या मोठ्या संख्येचा व्यस्त हाताने काढणे शक्य नाही, म्हणून लहान बहिणींपासून सुरुवात केली. १/१२१ चा दशांश ०.००८२६४४६२८०९९१७३५५३७१९ असा बावीस अंकांनी परत येतो. बावीस म्हणजे अकराची दुप्पट. मुलांनी लगेच अंदाज बांधला की १११ च्या वर्गात १११ ची तिप्पट, म्हणजे ३३३ अंक येतील.

१/१२३२१ काढायला तिघांना दोन संध्याकाळी लागल्या. तीन तीन अंकांचे गट पाडले तेव्हा ०००, ०८१, १६२, २४३, ३२४, ४०५ असे ८१ च्या पाढ्याचे आकडे दिसू लागले. ते ८९१ पर्यंत नीट चालतात. पुढचा ९७२ मात्र ९७३ होतो, कारण त्याच्या पुढचा १०५३ तीन घरांत मावत नाही आणि त्याचा हातचा मागे येतो. मुलांना हे कळल्यावर भागाकार सोडून त्यांनी पाढ्यानेच पुढे जायचे ठरवले आणि सदतिसाव्या गटाशी अडखळली: ७५६, ८३७, ९१९, आणि मग पुन्हा ०००, ०८१. ८१ ला ३७ ने गुणले की २९९७ येतात, ओळखीचा आकडा. मागून येणारा हातचा तीन मिळाला की त्याचे नेमके तीन हजार होतात, गट शून्य होतो आणि सारे चक्र पुन्हा सुरू होते. सदतीस गट, प्रत्येकी तीन अंक: आवर्त १११ चा.

३३३ चा अंदाज चुकला होता, आणि त्याच्या जागी जे आले ते कितीतरी अधिक चांगले होते. १२३२१ च्या व्यस्ताच्या आवर्ताची लांबी म्हणजे १२३२१ चे वर्गमूळच.

२६ जुलै

१२३२१ मध्ये जे घडले ते आमच्या संख्येतही घडते का, हा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. सिद्धता आज पूर्ण झाली. ती फळ्यावर मी लिहिली, पण मधली पायरी मुर्डीच्या मुलाची आहे.

१११११११११ ला म म्हणू. आवर्ताची लांबी क असेल तर क नऊंनी लिहिलेल्या संख्येला आमच्या संख्येने, म्हणजे म च्या वर्गाने, पुरता भाग जातो. आणि असा सर्वांत लहान क म्हणजेच आवर्त. या क नऊंच्या संख्येला ३३३६६७ नेही भाग जातो, आणि त्याचा आवर्त नऊचा असल्यामुळे क नवाच्या पटीतच असला पाहिजे. म्हणून क = ९ × ज असे लिहू. तेवढ्या नऊंची संख्या म्हणजे ९९९९९९९९९ गुणिले एक बेरीज, जिच्यात ज पदे आहेत: एक, दहाचा नववा घात, अठरावा घात, असे पुढे. ९९९९९९९९९ म्हणजे ९म. तेव्हा म च्या वर्गाने भाग जायचा तर म ने '९ गुणिले ती बेरीज' हिला भाग गेला पाहिजे.

इथे मी थांबले होते. मुर्डीचा मुलगा म्हणाला, "बाई, दहाचा नववा घात म्हणजे ९म अधिक एक, म्हणजे त्या प्रत्येक पदाची बाकी एकच." ज पदांच्या ज बाक्या, म्हणून बेरजेची बाकी ज. अट उरते ती एवढी: म ने ९ज ला भाग गेला पाहिजे. म = ९ × १२३४५६७९ आहे, म्हणून १२३४५६७९ ने ज ला भाग गेला पाहिजे, आणि सर्वांत लहान ज १२३४५६७९ हाच. आवर्ताची लांबी ९ × १२३४५६७९ = १११११११११.

हीच सिद्धता कितीही एकांसाठी चालते, फक्त नवाच्या जागी न येतो. आवर्ताची लांबी 'न गुणिले म, भागिले न आणि ९ यांचा मसावि' अशी निघते. अकरासाठी न दोन, मसावि एक, म्हणून बावीस. मुलांचा पहिला भागाकार बरोबर होता, आणि मसावि तीन असल्यामुळेच त्यांचा तिपटीचा अंदाज १११ ला लागू पडला नाही. लांबी नेमकी म एवढी यायची तर न आणि ९ यांचा मसावि न असला पाहिजे, म्हणजे न हा नवाचा विभाजक: एक, तीन, नऊ. हर्षदच्या शोधात १२ जुलैला उरलेल्या त्याच तीन संख्या. एकांच्या संख्या अनंत आहेत, पण ज्यांच्या वर्गाच्या व्यस्ताचा आवर्त स्वतःच्या मुळाएवढा आहे अशा तीनच, आणि त्यांतली सर्वांत मोठी आमच्या वहीत आहे.

२ ऑगस्ट

मासेमारीची बंदी उठली. तांडेलांची मुलगी होड्यांच्या तयारीसाठी घरी थांबली होती, ती आज दुपारी आली.

आता १/१२३४५६७८९८७६५४३२१ प्रत्यक्ष कसा दिसतो ते लिहिणे उरले होते. आमची संख्या म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग भागिले ८१, म्हणून तिचा व्यस्त नऊ नऊ अंकांच्या गटांत ८१ चा पाढा चालवतो: ०००००००००, ००००००८१, असे लिहिताना मुर्डीच्या मुलाने माझा एक शून्य राहिल्याचे दाखवले, ०००००००८१ हवे होते; मग शून्ये मोजत न बसता त्याने प्रत्येक गटासाठी फळ्यावर नऊ घरेच आखली, आणि त्या घरांत ८१, १६२, २४३ उजवीकडे टेकवून लिहिले. १११ च्या बाबतीत पाढा तेराव्या पटीतच घराबाहेर गेला होता. इथे तो कधी जातो? ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९, म्हणजे तोपर्यंत प्रत्येक पट नऊ घरांत मावते. त्यापुढच्या पटीचा हातचा एक मिळताच हा गट शून्य होतो, त्याचा हातचा मागच्या गटात जातो आणि चक्र संपते.

म्हणजे आमच्या संख्येच्या व्यस्ताचा संपूर्ण आवर्त म्हणजे शून्यापासून ९९९९९९९१८ पर्यंतचा ८१ चा अखंड पाढा आहे, मध्ये एकही हातचा नाही. फक्त अगदी शेवटच्या गटात, मागून आलेल्या एकामुळे, ९९९९९९९१८ ऐवजी ९९९९९९९१९ येतात. गट १२३४५६७९, अंक १११११११११. सेकंदाला एक अंक अशा गतीने न थांबता लिहिले तर सुमारे १२८६ दिवस लागतील. एका पानावर दोन हजार अंक धरले तर ५५५५६ पाने.

इतके लांब काही आम्ही लिहू शकत नाही, पण त्याचे शेवटचे टोक तपासता येते, आणि तांडेलांच्या मुलीने ते तपासायचे ठरवले. आवर्ताला संख्येने गुणले की सगळे नऊ यायला हवेत, म्हणून शेवटच्या गटाला, ९९९९९९९१९ ला, संख्येच्या शेवटच्या नऊ अंकांनी, म्हणजे ९८७६५४३२१ ने गुणल्यावर शेवटी नऊ नऊ दिसले पाहिजेत. ९९९९९९९१९ म्हणजे शंभर कोटीला ८१ कमी, तेव्हा ९८७६५४३२१ × ८१ एवढेच करून पाहायचे होते. तिने दोन ओळी मांडल्या, दुसरी ओळ बरोबर घरात आहे ना हे बोटाने पाहिले, बेरीज केली आणि फळ्यावर लिहिले: ८०००००००००१. शेवटची नऊ घरे वेगळी काढली तर फक्त एक उरतो, आणि शंभर कोटीतून तो वजा केला की ९९९९९९९९९. मग तिने नवाचा ताळा घेतला, आणि त्याच्याखाली, कुणी न सांगता, अकराचा.